वर्धापनदिनाआधी चेहरे ओळखून घ्या: 'डॉक्टर हू'च्या नव्या प्रेक्षकांसाठी

गोव्यात वर्धापनदिन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देवळाच्या वर्धापनदिनाची पत्रिका घरी आली की सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद, रात्री नाटक हे ठरलेलेच. त्या दिवशी मुंबई-पुण्याला गेलेली माणसे गावात दिसतात. नवी सून पहिल्यांदा त्या मंडपात बसते तेव्हा देव तिच्या ओळखीचा असतो, आरतीही पाठ असते. पण मधल्या दाराने एक म्हातारा आत येतो, सगळा मंडप त्याच्याकडे वळून बघतो आणि कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येते. का, ते तिला रात्री घरी आल्यावर विचारावे लागते.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञान-मालिकेचा वर्धापनदिन विशेष भाग नव्या प्रेक्षकाला अगदी असाच भेटतो. गोष्ट कळते, धावपळ कळते, पण सोबतचे जुने चाहते मध्येच का ओरडले ते कळत नाही. घरातल्या आणि मित्रांमधल्या बऱ्याच जणांना मी ही मालिका लावून दिली आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: या भागासाठी मालिकेचा इतिहास पाठ करायची गरज नाही, चेहरे ओळखीचे हवेत. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आधी एवढे समजून घ्या

मालिकेचा पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. सगळे जग त्या बातमीत होते, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. आपल्याकडे तेव्हा गोवा मुक्त होऊन दोन वर्षे होत आली होती. ९ डिसेंबरला गोव्याच्या पहिल्या विधानसभेसाठी मतदान झाले आणि २० डिसेंबरला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, ब्रिटनमधल्या मुलांनी डालेक या शत्रूची पहिली झलक पाहिली. आपली विधानसभा आणि ही मालिका एकाच वयाच्या आहेत, हे मला नेहमी जवळचे वाटते. २३ नोव्हेंबर २०२८ रोजी मालिकेला ६५ वर्षे पूर्ण होतील. आजपासून तयारीला लागलात तर घाई न करता सगळे पाहून होईल.

डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. त्याला दोन हृदये आहेत आणि तो टार्डिस नावाच्या यानातून फिरतो. यान बाहेरून, लंडनमध्ये पूर्वी पोलिसांना फोन करायला असायच्या तशा निळ्या पेटीसारखे दिसते, आत मात्र अफाट मोठे आहे. सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचे कुणीतरी असते. मरणाच्या दारात पोचला की डॉक्टरचे शरीर बदलते. नवा चेहरा, नवा स्वभाव, आठवणी त्याच. याला रिजनरेशन म्हणतात.

ही कल्पना अडचणीतून निघाली. पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल यांची तब्येत १९६६ मध्ये ढासळली, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी कर्त्यांनी डॉक्टरलाच बदलले आणि पॅट्रिक ट्राउटन आले. आपल्या उत्सवी नाटकांत हे होतच असते. आमच्या गावात एकच गृहस्थ वर्षानुवर्षे राजाची भूमिका करायचे. गुडघे गेले तेव्हा त्यांच्या पुतण्याने मुकुट घातला. पहिल्या वर्षी 'पयल्यासारखें ना' असे मागून ऐकू आले. तिसऱ्या वर्षी पुतण्याच राजा होता. डॉक्टर बदलल्यावर चाहत्यांचेही असेच होते. तुमचेही होईल, तेव्हा नवा डॉक्टर पहिल्याच भागात आवडला नाही म्हणून पाहणे सोडू नका. त्याला तीन भाग द्या.

काय पाहायचे, आणि कोणत्या क्रमाने

सगळे पाहायचा हट्ट धरू नका. ते शक्यही नाही: साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत, कारण बीबीसीने त्या काळी टेपा पुसून पुन्हा वापरल्या. त्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे. प्रक्षेपण चालू असताना काही चाहत्यांनी घरच्या घरी टेपरेकॉर्डर लावून तो धरून ठेवला होता. चाहत्यांनी जपलेली मालिका म्हणतात ती याच अर्थाने.

सुरुवात नव्या काळापासून करा. २००७ चा 'ब्लिंक' हा भाग एकटा पाहिला तरी चालतो. त्यात डॉक्टर फारसा दिसत नाही, पण गोष्टीची पकड अशी की दुसऱ्या दिवशी देवळाबाहेरच्या दगडी मूर्तीकडेही तुम्ही वळून बघाल. मग २००५ चा 'रोझ'. १९८९ मध्ये मालिका बंद पडली होती. मध्ये १९९६ चा एक दूरचित्रवाणीपट सोडला तर पंधराहून अधिक वर्षे पडद्यावर फारसे काही नव्हते. २६ मार्च २००५ ला 'रोझ'ने ती परत आली. तो भाग नव्या माणसासाठीच लिहिलेला असल्यामुळे रोझ या दुकानात काम करणाऱ्या मुलीसोबत आपणही सगळे पहिल्यांदाच पाहतो.

यानंतर १९६३ चा पहिला भाग, 'ॲन अनअर्थली चाइल्ड'. कृष्णधवल, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, आणि तेव्हा त्यांना पंचविसावेही पूर्ण झाले नव्हते. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांच्या होत्या. तरुण बाई आणि भारतात जन्मलेला तरुण, या दोघांच्या हातात त्या काळच्या बीबीसीने ही मालिका दिली. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते, आणि मी कुणालाही मालिका लावून देताना आधी तेच सांगतो. सुरुवातीचे सूर वाजत असताना बोलू नका. रॉन ग्रेनर यांची ती चाल डेलिया डर्बिशायर यांनी बीबीसीच्या कार्यशाळेत टेपेचे तुकडे कापून, जोडून घडवली. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. १९७५ ची 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही सहा भागांची कथा. डॉक्टर आहेत टॉम बेकर: उंच, कुरळ्या केसांचे, टपोऱ्या डोळ्यांचे, गळ्यात पायापर्यंत लोंबणारा मफलर. रोज रात्री जेवताना एकच भाग पाहा. जुने भाग आठवड्याला एक या हिशेबाने केलेले आहेत. सहाही सलग लावले तर डोळे मिटतील आणि दोष मालिकेवर जाईल. शेवटच्या भागात डॉक्टरच्या हातात दोन वायरी असतात. त्या जोडल्या की डालेक जन्माआधीच नष्ट होतील आणि पुढच्या लाखो माणसांचा जीव वाचेल. तो जोडत नाही. दोन वायरींत बोटभर अंतर ठेवून उभा राहतो आणि आपल्याला हा अधिकार आहे का, असे सोबत्यांना विचारतो. आमच्याकडे या ठिकाणी दर वेळी पॉझ दाबला जातो आणि वाद सुरू होतो. माझ्या आईने एकदा ताट बाजूला सारून म्हटले होते, 'जोडायला हव्या होत्या.' वडील म्हणाले, 'जोडल्या असत्या तर तो आणि ते सारखेच झाले असते.' त्या रात्री भांडी उशिरा घासली गेली.

हा चेहरा आणि विशेषतः हा आवाज नीट लक्षात ठेवा. कारण पुढे सांगतो.

जुने वर्धापनदिन

इथे दोनच पुरेत. दहाव्या वर्षानिमित्त १९७२ च्या डिसेंबरअखेर सुरू झालेली 'द थ्री डॉक्टर्स' आणि विसाव्या वर्षाची, १९८३ ची 'द फाइव्ह डॉक्टर्स'. पहिल्या कथेत हार्टनेल परत येतात, पण फक्त टार्डिसच्या पडद्यावर, बसलेले. ते तेव्हा खूप आजारी होते. डॉक्टर म्हणून त्यांचे हे शेवटचे दर्शन, १९७५ मध्ये ते गेले. हे माहीत असले की ती थोडी मिनिटे वेगळीच दिसतात.

'द फाइव्ह डॉक्टर्स'मध्ये टॉम बेकर यांनी काम करायला नकार दिला. मग १९७९ मध्ये संपामुळे अर्धवट राहिलेल्या एका कथेतले त्यांचे तुकडे वापरले गेले आणि पहिल्या डॉक्टरच्या जागी रिचर्ड हर्नडल आले. वर्धापनदिनाला कोण येतो याइतकीच कोण येत नाही याचीही चर्चा होते, आणि ती वर्षानुवर्षे चालते. १९९३ चा धर्मादाय कार्यक्रमासाठी केलेला छोटा भाग सोडून दिलात तरी काही बिघडत नाही.

मग २०१३. आधी सात मिनिटांचा 'द नाइट ऑफ द डॉक्टर', लगेच 'द डे ऑफ द डॉक्टर'. मॅट स्मिथ, डेव्हिड टेनंट आणि जॉन हर्ट असे तीन डॉक्टर एकत्र. हा भाग २३ नोव्हेंबरला ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला आणि चित्रपटगृहांत थ्रीडीतही लागला. टेनंट यांचे एकदोन भाग आधी पाहिलेत तर बरे, 'ब्लिंक'मध्ये ते धावते भेटतातच. 'द डे ऑफ द डॉक्टर'च्या शेवटाकडे एका चित्राच्या दालनात कुणीतरी बोलते. आधी आवाज येतो, माणूस नंतर दिसतो. तो कोण ते मी लिहिणार नाही. एवढेच म्हणतो, की वर सांगितलेला क्रम मोडू नका.

२०२३ ला साठीनिमित्त तीन भाग आले: २५ नोव्हेंबर, २ डिसेंबर आणि ९ डिसेंबरला. टेनंट आणि त्यांची जुनी सोबतीण डॉना, म्हणजे कॅथरीन टेट, परत आले. त्यातला पहिला भाग, 'द स्टार बीस्ट', पाहण्याआधी २००८ चे 'द स्टोलन अर्थ' आणि 'जर्नीज एंड' हे दोन भाग पाहायलाच हवेत. डॉनाला डॉक्टर का आठवता कामा नये, हे तिथे घडते. ते न पाहता 'द स्टार बीस्ट' लावलात तर वाढदिवसाला जाऊन वाढदिवस कुणाचा ते न कळल्यासारखे होईल. ३१ मे २०२५ ला प्रक्षेपित झालेल्या 'द रिअॅलिटी वॉर'चा शेवटचा क्षण मात्र 'रोझ' पाहून झाल्यावरच पाहा.

घड्याळ

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते. ऑक्टोबरच्या बहुतेक दिवसांत आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, नोव्हेंबरात साडेपाच. दर वेळी कुणीतरी यात चुकते आणि तासभर आधी टीव्हीसमोर येऊन बसते. २०१३ चा भाग तिथे संध्याकाळी ७:५० ला होता, म्हणजे आपल्याकडे रात्री १:२०, आणि तारीखही बदललेली. २०२३ चा 'द स्टार बीस्ट' तिथे साडेसहाला होता, आपल्याकडे ठोक्याला मध्यरात्री बारा. रजा काढायची असेल तर दुसऱ्या दिवसाची काढा.

भाग कुठे दिसणार ते आठवडाभर आधी तपासा. २०२३ पासून ब्रिटनबाहेरचे हक्क डिस्नेकडे होते, ती भागीदारी संपल्याचे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले. म्हणजे गेल्या वेळी चाललेले सबस्क्रिप्शन पुढच्या वेळी उपयोगी पडेलच असे नाही. चोरीच्या प्रतीच्या मागे लागू नका. चाहत्यांच्या जिवावर उभ्या असलेल्या मालिकेचे नुकसान चाहत्यांनी करू नये.

जागा

पणजीत बेत करू नका. २० नोव्हेंबरच्या सुमाराला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होतो, मांडवीकाठचा रस्ता, कला अकादमी, आयनॉक्सचा परिसर सगळे भरलेले असते आणि खोल्या महाग होतात. २४ पासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, लागते, त्यामुळे तिकडचा रस्ताही गजबजतो. फोंडा, डिचोली, सांगे, कुणाच्याही घरची ओसरी चालेल. पाहुण्यांना रात्री मुक्कामालाच बोलवा. मध्यरात्रीनंतर बस मिळत नाही आणि झोपेच्या डोळ्यांनी घाटाच्या वळणांवर स्कूटर चालवू नये.

आता एक बारीक पण जीव खाणारी गोष्ट. २०२३ च्या त्या रात्री आम्ही सात जण फोंड्याजवळच्या घरी होतो. एक जण थेट इफ्फीचा शेवटचा खेळ टाकून आला होता, गळ्यातले डेलिगेट कार्डही काढले नव्हते. बारा वाजले, सुरुवातीचे सूर लागले आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली. इन्व्हर्टर लगेच सुरू झाला, टीव्ही चालूच राहिला. पडद्यावर मात्र गोल फिरणारे चक्र. टीव्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर होता, राउटर नव्हता. बॅटरीच्या उजेडात एक्स्टेन्शन बोर्ड शोधून राउटर स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या प्लगवर आणेपर्यंत अकरा मिनिटे गेली. तेव्हा आधल्या दिवशी मेन स्विच बंद करून पाहाच: टीव्ही आणि राउटर दोन्ही चालू राहतात का. फोनचे हॉटस्पॉटही तयार ठेवा.

इंग्रजी सबटायटल लावा. बाराव्या डॉक्टरचे, पीटर कॅपाल्डी यांचे स्कॉटिश उच्चार मलाही पहिल्यांदा सगळे कळले नव्हते, आणि भराभर बोलणे हा प्रत्येकच डॉक्टरचा स्वभाव.

खायला काय, हा प्रश्न येतोच. टॉम बेकर यांचा डॉक्टर भेटेल त्याला जेली बेबीज देतो. आम्ही त्या जागी जत्रेतले खाजे ठेवतो, कागदी पुडीतून पुढे करायला तेच बरे. अकराव्या डॉक्टरच्या पहिल्या कथेत फिश फिंगर कस्टर्डमध्ये बुडवून खायचा प्रसंग आहे. त्यासाठी आमच्याकडे इसवणाची कापे रव्यात घोळून तळतात, कस्टर्ड वेगळ्या वाटीत. मात्र २०२८ चा २३ नोव्हेंबर गुरुवारी येतो, तोही मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. व्रत असलेल्या घरी जाणार असाल तर खाज्यांवरच भागवा. मफलर घालायचाच असेल तर सुती घ्या. नोव्हेंबरात आपल्याकडे लोकर सोसत नाही.

वाट पाहण्याचे दिवस

घोषणेपासून प्रक्षेपणापर्यंतचे महिने अफवांचे असतात. कोण येणार, कोण जाणार, कुणाला कुठल्या शहरात चित्रीकरण करताना पाहिले. तारीख आणि नाव बीबीसीने जाहीर केले तर माना. पाहुण्या कलाकारांची नावे भाग संपेपर्यंत मानू नका. मी स्वतः ट्रेलर एकदाच पाहतो आणि त्याची चिरफाड करत नाही.

स्पॉयलरबद्दल मात्र कडक राहा. २०१३ ला मला भाग रात्री पाहता आला नव्हता. सकाळी चहा घेताना फोन उघडला आणि एका मित्राने पाठवलेला त्या दालनातल्या माणसाचा फोटो समोर आला. त्याने आनंदाच्या भरात पाठवला, त्याला दोष देत नाही. पण तो आवाज आधी आणि चेहरा नंतर, हा अनुभव मला पुन्हा मिळणार नाही. म्हणून भाग पाहून होईपर्यंत ग्रुप म्यूट करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि तुम्ही आधी पाहिलात तर दोन दिवस काही लिहू नका.

त्या रात्री

दिवे घालवा. नवा माणूस मध्ये बसवा आणि त्याला काही समजावत बसू नका.

माझी भाची साखळीची, कॉलेजला आहे. २०२३ च्या भागांआधी दिवाळीच्या सुट्टीत तिला मी वरचा सगळा क्रम पाहायला लावला. 'जेनेसिस'चे सहा भाग सहा रात्री, वायरींवरच्या वादासकट. मग एका संध्याकाळी 'द डे ऑफ द डॉक्टर' लावला आणि मी पडद्याऐवजी तिच्याकडे बघत बसलो. दालनाचा प्रसंग आला. मॅट स्मिथ एकटेच बाकावर, समोर चित्र. मागून तो जाड, खोल, म्हातारा झालेला आवाज आला. पडद्यावर अजून कुणी दिसले नव्हते. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, 'मामा, वायरीवाला.'